मुलांसाठी स्वस्त डिजिटल कॅमेरा घेताना

खोक्यावर ठळक छापलेल्या मेगापिक्सेलला भुलू नका. खेळण्यातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) बऱ्याचदा त्याहून कितीतरी कमी क्षमतेचा असतो. सॉफ्टवेअर तोच फोटो ताणून मोठा करतं. आधी बघायची ती जोडणी. यूएसबी केबल लावली की कॅमेरा पेनड्राइव्हसारखा उघडला पाहिजे, आत ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर आणि त्यात फोटोंच्या साध्या जेपीईजी फाइली. वेगळं सॉफ्टवेअर टाका म्हणत असेल तर तो दुकानातच राहू द्या. कॉम्प्युटरवर काहीच दिसत नसेल, तर मात्र आधी केबल बदलून बघा; काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात.

त्याच पैशांत नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला कॉम्पॅक्ट, म्हणजे छोटा खिशात मावणारा कॅमेरा मिळत असेल तर माझं मत त्यालाच. फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फक्त फोटो साठवायचं मेमरी कार्ड एसडी प्रकारचं हवं. एक्सडी किंवा मेमरी स्टिक अशा जुन्या प्रकारच्या कार्डाचं मॉडेल गळ्यात पडलं तर कार्डासाठी वणवण ठरलेली. एसडीतही फार जुन्या कॅमेऱ्यांना 2 जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं, तेव्हा विचारून घ्या. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम, रिचार्जेबल सेल वापरता येतात. आणि मनगटात अडकवायची दोरी पहिल्याच दिवशी लावा. पोरं कॅमेरा पाडणारच.