कॅटफिशची पिल्ले वाढवताना: अंडी फुटल्यापासून मोठ्या टाकीत सोडेपर्यंत

घरच्या टाकीत कोरिडोरास या छोट्या कॅटफिशने काचेवर अंडी चिकटवली की ती फुटणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. पिल्ले रोज थोडी थोडी कमी होत जातात आणि कारण कळत नाही. बहुतेकांना वाटते की पिल्लांना खायला पुरत नाही, म्हणून ते आणखी खाणे टाकतात आणि उरलेली पिल्लेही जातात. ही पिल्ले तळाला राहतात. टाकलेले खाणे तळाला जाते, विष्ठा तळाला साचते आणि त्यावर वाढणारे जिवाणूही तिथेच असतात. वरून पाणी लख्ख दिसत असताना पिल्लाच्या पोटाखालची जागा कुजलेली असू शकते. म्हणून पुढे जे काही सांगतो आहे, त्यात तळाचाच विचार सगळ्यात जास्त आहे.

कॅटफिशचे कूळ अफाट मोठे आहे. इथे मुख्यतः ब्राँझ आणि पेपर्ड या दोन कोरिडोरासबद्दल लिहितो, कारण घरात सर्वाधिक अंडी त्यांचीच मिळतात. (२०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची फेररचना केली आणि या दोघांना वेगवेगळ्या प्रजातींत (जीनसमध्ये) टाकले. पाळणारे मात्र अजून कोरिडोरासच म्हणतात.) ब्रिसलनोज प्लेको या दुसऱ्या कॅटफिशची पद्धत वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

अंडी वेगळी काढणे

आईबाप स्वतःचीच अंडी खातात, त्यामुळे ती हलवावी लागतात. घातल्या घातल्या अंडी मऊ असतात. काही तास जाऊ द्या, कवच घट्ट झाले की बोटाच्या टोकाने हलकेच लोळवली तरी काचेवरून सुटतात. पानावर असतील तर पानच तोडून घ्यावे. भांड्यात पाणी त्याच टाकीतले घ्या आणि एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र दगड) असा ठेवा की अंड्यांवरून पाणी सतत हलके वाहत राहील.

फळलेली अंडी हळूहळू पिवळट-तपकिरी होतात, न फळलेली पांढरी पडतात आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते. ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून पांढरी अंडी दिसतील तशी ड्रॉपरने काढून टाका. पाणी फिकट निळे होईल इतकेच मेथिलीन ब्लू घातले तर मदत होते. पण त्या भांड्यात चालू फिल्टर ठेवू नका, कारण हे औषध फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारते. २४-२५ अंश सेल्सिअसला अंडी साधारण ३ ते ५ दिवसांत फुटतात, पाणी थंड असेल तर जास्त वेळ लागतो.

पहिले दोन-तीन दिवस: काहीही टाकू नका

नुकते बाहेर आलेले पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते, जवळजवळ पारदर्शक, पोटाला बलकाची पिशवी. सगळी एका कोपऱ्यात दाटीवाटीने पडून राहतात. ती आजारी नसतात. बलक संपेपर्यंत, म्हणजे दोन ते तीन दिवस, त्यांना बाहेरचे खाणे लागत नाही. या काळात टाकलेला प्रत्येक कण फक्त कुजतो. या दिवसांत रिकामी अंड्यांची कवचे काढा आणि औषध घातले असेल तर थोडे थोडे पाणी बदलून निळा रंग घालवा.

राहण्याची जागा

दोन पर्याय आहेत. एक म्हणजे मोठ्या टाकीच्या कडेला लावायची पेटी, जिच्यात एअर पंपाच्या जोरावर मोठ्या टाकीचे पाणी सतत येत-जात राहते. दुसरा म्हणजे १० ते २० लिटरची स्वतंत्र टाकी. पहिले दोन आठवडे मी पेटीच्या बाजूने आहे. पिल्लांची घाण मोठ्या टाकीच्या भरपूर पाण्यात विरते, तापमान स्थिर राहते, आणि नवख्या माणसाची छोटी चूक पिल्लांच्या जिवावर बेतत नाही.

स्वतंत्र टाकी घेतलीत तर स्पंज फिल्टर नवा कोरा लावू नका. घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर वसायला काही आठवडे लागतात, आणि पिल्लांजवळ तेवढे आठवडे नसतात. अंड्यांची शक्यता दिसू लागली की स्पंज मोठ्या टाकीत चालू करून ठेवा, वेळ आली की उचलून इकडे आणा. पाण्याची उंची १०-१५ सेंटिमीटर पुरे. कोरिडोरास आतड्यातूनही हवेतला प्राणवायू घेतात, त्यासाठी वर येऊन हवा गिळतात, आणि छोट्या पिल्लाला खोल पाण्यातून वर येणे जड जाते.

तळ मोकळा ठेवावा की वाळूचा, यावर पाळणाऱ्यांत एकमत नाही. वाळूत मिशा खुपसून खाणे हा त्यांचा स्वभाव आहे, हे खरे. पण पहिल्या दिवसांत मोकळी काचच बरी, कारण काय उरले आहे ते दिसते. फक्त काचेवर बुळबुळीत थर धरतो, तो रोज स्पंजच्या तुकड्याने पुसायला हवा. पिल्लांना लपायला जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक झुबका ठेवा. त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव ती मधल्या वेळेत टिपून खातात. तीन-चार आठवड्यांनी बारीक, गोलसर कणांची वाळू पातळ पसरली तरी चालेल.

खाणे

सुरुवातीला मायक्रोवर्म या बारीक जिवंत कृमींइतके सोयीचे दुसरे काही नाही. ते घरच्या घरी ओट्सच्या लगद्यावर वाढतात, पाण्यात टाकताच तळाला जातात आणि तिथे बरेच तास जिवंत राहतात. म्हणजे पिल्लू जिथे आहे तिथेच खाणे पोहोचते, आणि लगेच कुजतही नाही.

त्यांच्या जोडीला ताजे उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) द्या. १ लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, जोरात हवा, वर दिवा आणि २६-२८ अंश तापमान. २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. रिकामी टरफले वर तरंगतात, नारिंगी जीव खाली किंवा उजेडाच्या बाजूला जमतात. त्यांना नळीने काढा, अगदी बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या. जन्मतः अंगात असलेले पोषण ते स्वतःच वापरून टाकतात, त्यामुळे शिळ्या आर्टेमियात तेवढा कस राहत नाही. टरफले पिल्लांच्या टाकीत जाऊ देऊ नका.

दिवसातून तीन वेळा द्या, पण प्रत्येक वेळी अगदी थोडे. किती, ते पिल्लांच्या पोटाकडे बघून ठरवा. आर्टेमिया खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पारदर्शक पोट नारिंगी दिसते. सगळ्यांची पोटे रंगली आणि तरीही तळावर जीव पडलेले असले, तर पुढच्या वेळी कमी टाका. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यावा असा सल्ला सर्रास मिळतो. तो मुळीच मानू नका, त्याने छोट्या टाकीचे पाणी काही तासांत नासते. कोरड्या खाण्याची भुकटी आठवड्यानंतर, तीही चिमटीच्या टोकावर मावेल इतकीच.

रोजची सफाई

एअर पंपाची बारीक नळी घ्या, तिने तळावरचा कचरा ओढून घ्या. पाणी पांढऱ्या भांड्यात काढा, थेट मोरीत नको. कितीही जपले तरी एखादे पिल्लू नळीतून जाते, आणि पांढऱ्या तळावर ते दिसते. त्याला ड्रॉपरने परत सोडा.

स्वतंत्र टाकीत रोज २० ते ३० टक्के पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि त्याच तापमानाचे हवे. ते भसकन ओतू नका, नळीला सैल गाठ मारून हळूहळू सोडा. थंड पाण्याच्या झटक्याने मोठे मासे अंडी घालायला उद्युक्त होतात, पण पिल्लांना तोच झटका बाधतो. तुमच्याकडचे पाणी अल्कधर्मी असेल तर अधिकच जपा. पीएच आणि तापमान वाढले की अमोनियाचा जास्त विषारी भाग वाढतो.

अधूनमधून वर जाऊन हवा घेणे स्वाभाविक आहे. पण सारखे वर धावणे, कल्ले भराभर हलणे, कुशीवर पडणे किंवा मिशा झिजणे दिसले, तर आधी पाणी तपासा, एक तृतीयांश बदला आणि एक वेळचे खाणे चुकवा. मीठ किंवा तांबे असलेली औषधे टाकायचा मोह आवरा. कोरिडोरासना ती मानवत नाहीत, पिल्लांना तर नाहीच.

ब्रिसलनोज असेल तर

इथे अंडी हलवायची गरज नसते. नर गुहेत बसून परांनी त्यांना वारा घालतो, आणि हे काम तो कोणत्याही एअर पंपापेक्षा चांगले करतो. पिल्ले बलक संपेपर्यंत गुहेतच चिकटून राहतात. बाहेर पडली की त्यांना उकडून मऊ केलेली काकडी किंवा पालक आणि खरवडायला लाकडाचा ओंडका द्या. भाजीचा उरलेला तुकडा त्याच दिवशी काढा. ही पिल्ले सतत खातात आणि तितकीच विष्ठा टाकतात, त्यामुळे फिल्टर दमदार हवा.

मोठ्या टाकीत सोडणे

कोरिडोरासच्या पिल्लांना सुरुवातीला अंगाभोवती सलग झालर असते. तिचे वेगवेगळे पर होतात, ठिपके उमटतात, आणि महिना-दीड महिन्यात ती सेंटिमीटरभर होतात. काही भराभर वाढतात, काही मागे राहतात. मागे राहिलेल्यांना वेगळे काढले तर त्यांनाही पोटभर मिळते. २ सेंटिमीटरच्या आसपास पोचली की मोठ्या टाकीत सोडता येतात, मात्र तिथे त्यांना गिळू शकेल असा मासा नसावा आणि फिल्टरच्या तोंडावर स्पंज हवा. हलवताना जाळी वापरू नका, परांचे काटे तिच्यात अडकतात. पेल्याने उचला. नव्या टाकीचे पाणी अर्धा-पाऊण तास थोडे थोडे त्या पेल्यात मिसळा, मग सोडा. एकटे-दुकटे नको, पाच-सहा एकदम सोडा. पहिले काही दिवस दिवा मालवल्यावर तळाला जाणारे खाणे दोन-तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाका. मोठे मासे एका ठिकाणी गुंततात तोवर छोट्यांना दुसरीकडे खाता येते.