ग्राइंडरचे कार्बन बदलताय? या चुका टाळा

चार इंची ग्राइंडर चालता चालता अडखळतो, हाताने ठोकला की पुन्हा फिरायला लागतो. असा ठोकून ठोकून काम रेटणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे दोन छोटे ठोकळे, आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ते कम्युटेटरवर (फिरत्या भागाच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) नीट टेकत नाहीत आणि ठिणग्यांनी तांब्याच्या पट्ट्या जळू लागतात. तरीही दामटलं, तर कार्बनमधली तार नाहीतर स्प्रिंगच कम्युटेटरला घासते. मग किरकोळ खर्चाचं काम थेट आर्मेचरवर, म्हणजे तारा गुंडाळलेल्या त्या अख्ख्या फिरत्या भागावर जातं.

मशीन अजिबातच चालू होत नसेल, तर मात्र आधी वायर बघा, विशेषतः ती मशीनमध्ये शिरते तिथे. रोज वाकून आतली तार तुटलेली असते, वरचं रबर शाबूत दिसतं. त्यानंतर स्विच, मग कार्बन. काही कंपन्यांच्या कार्बनमध्ये आत छोटी पिन असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येऊन त्याला कम्युटेटरपासून उचलते. चांगलं चालणारं मशीन एकाएकी गप्प झालं, तर हे आठवा. उघडताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढाच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुळेल तो कार्बन घेणं. जुना कार्बन दुकानात घेऊन जा, त्यावरचा नंबर जुळवा. जाड निघाला तर तो दगडावर घासून बसवण्याचा मोह होतो, पण हाताने बाजू सरळ घासल्या जात नाहीत. असा कार्बन होल्डरमध्ये, म्हणजे तो बसतो त्या खाचेत, एकतर अडकतो, नाहीतर तिरका बसून खडखडतो. नवा कार्बन होल्डरमध्ये सोडून बघा: आपल्या वजनाने सहज खाली सरकला पाहिजे. सरकत नसेल तर आत लोखंडाचा चुरा किंवा कडाप्प्याची भुकटी साचली आहे. कोरड्या ब्रशने होल्डर साफ करा. दोन्ही कार्बन एकदमच बदला. एकच बाजू जास्त झिजली असेल, तर त्या बाजूचा होल्डर आणि स्प्रिंग तपासल्याशिवाय मशीन परत जोडू नका. जळून निळी पडलेली स्प्रिंग परत वापरू नये.

कार्बनवर ग्रीस दिसलं तर गिअरबॉक्सचं सील गेलंय. तेही बदलायला हवं, नाहीतर नवे कार्बनही बिघडतील.

कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. एमरी पेपर नको, त्याची पूड पट्ट्यांमधल्या फटींत अडकून शॉर्टिंग होतं. आणि सगळीकडे सारखा काळेपणा असणं वेगळं, दोन-तीनच पट्ट्या जळालेल्या असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा वाइंडिंगमध्ये, म्हणजे आर्मेचरवर गुंडाळलेल्या तारांमध्ये असतो.

जोडल्यावर लगेच लोखंडावर टेकवू नका. चार-पाच मिनिटं मोकळा फिरवा, म्हणजे कार्बनच्या टोकाला कम्युटेटरची गोलाई येते. हवेच्या जाळीतून बघा: कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणग्या चालतात. नव्या कार्बनवरही कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरत असेल तर तिथेच थांबा आणि आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडून ग्रोलरवर (आर्मेचरमधला शॉर्ट शोधायचं उपकरण) तपासून घ्या.