जुनी एस्टेट घेताय? या चुका टाळा, आणि तपासणी डिकीपासून सुरू करा

ब्रिटनमध्ये जुनी गाडी बघायला गेलेला आपला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारतो, थोडी घासाघीस करतो आणि व्यवहार ठरवून टाकतो. साध्या हॅचबॅकला एवढ्यावर बऱ्याचदा निभावतं. एस्टेटचं, म्हणजे मोठ्या डिकीच्या लांब कारचं, तसं नाही. ही गाडी आपण घेतो ती मागच्या पाच-साडेपाच फुटांसाठी, आणि आधीच्या मालकानेही ती त्यासाठीच राबवलेली असते. ओली कुत्री, सायकली, बागेतली माती, कॅरॅव्हान, टॅक्सीच्या प्रवाशांच्या बॅगा हे सगळं तिने मागच्या अंगाने सोसलेलं असतं. दुखणीही तिथेच सापडतात.

ज्यांनी भारतात टाटा इस्टेट किंवा इंडिगो मरिना पाहिली आहे त्यांना हा आकार सांगायला नको. कारचीच चाल, पण छप्पर थेट मागच्या दारापर्यंत गेलेलं. हीथ्रोवरून आईबाबांना चार मोठ्या बॅगांसकट आणायचं असो की मंडळाच्या गणपतीचं मखर हॉलवर पोचवायचं असो, या गाडीसारखी सोय नाही. तिला एसयूव्हीसारखी हवा नाही, त्यामुळे जुन्या बाजारात ती अनेकदा वाजवी भावात मिळते. मी स्वतःसाठी तीन घेतल्या आणि ओळखीच्या घरांसाठी आणखी बऱ्याच बघितल्या. पहिल्या गाडीत चुकलो, ते पुढे सांगतोच.

लिटरच्या आकड्यावर गाडी निवडणं

जाहिरातीत डिकीचा आकडा लिटरमध्ये असतो. तो मोजताना २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे ठोकळे, म्हणजे एकेक लिटरचे, डिकीत रचतात. ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यात मावतात. तुमची सूटकेस तशी मावत नाही.

होंडा सिव्हिक टूररचा आकडा ६२४ लिटर आहे, पण त्यातले ११७ लिटर तळाच्या फळीखालच्या खणात आहेत. ओले बूट, छत्र्या ठेवायला तो खण उत्तम, बॅगेला मात्र त्याचा उपयोग नाही. पहिल्या पिढीची व्होल्वो व्ही६० दिसायला देखणी, पण मागची काच इतकी तिरकी की डिकी ४३० लिटरची. त्याच काळातल्या स्कोडा ऑक्टेव्हियाच्या साध्या हॅचबॅकमध्ये ५९० लिटर होते, आणि तिच्याच एस्टेटमध्ये ६१०. म्हणजे ‘एस्टेट’ या नावाने जागा मिळतेच असं नाही. मागची काच जितकी उभी तितकी गाडी कामाची, हा माझा ठोकताळा आहे.

प्लग-इन हायब्रिडमध्ये, म्हणजे प्लग लावून चार्ज होणाऱ्या पेट्रोल-विजेच्या गाडीत, बॅटरी डिकीच्या तळातून जागा खाते. फोक्सवॅगन पसाटची एस्टेट ६५० लिटरची, तिचीच प्लग-इन जीटीई आवृत्ती ४८३ लिटरची. जाहिरातीतला फोटो दोन्हींचा सारखाच दिसतो.

म्हणून गाडी बघायला जाताना घरातली सर्वात मोठी बॅग, बाळाची ढकलगाडी आणि मोजपट्टी बरोबर न्या. विकणाऱ्याला विचारून सामान प्रत्यक्ष आत ठेवा, मागचं दार बंद होतंय का बघा, मग मागच्या सीट पाडून तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते तेही बघा. कोणाला त्याचं वाईट वाटत नाही. वाटलं तरी पैसे आपले आहेत.

आपला रोजचा प्रवास न बघता इंजिन निवडणं

इथे मी स्वतः फसलो. पहिली एस्टेट डिझेल घेतली, कारण मायलेज चांगलं आणि इंजिनात दम होता. वापर मात्र मुलांची शाळा, दुकान आणि स्टेशन, एकेरी तीन मैलांचा. पाचव्या महिन्यात पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकदच गेली.

डिझेलच्या धुरातली काजळी एका जाळीत अडकते. तिला डीपीएफ म्हणतात. धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापला की ती काजळी जळून जाळी मोकळी होते, पण त्यासाठी मोटरवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं धावणं लागतं. छोट्या फेऱ्यांत हे काम दर वेळी अर्धवट सुटतं, जाळी तुंबते, आणि न जळालेलं डिझेल इंजिनच्या तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर हेच झालेलं असतं. दिवा पहिल्यांदा लागतो तेव्हाच गाडी मोटरवेवर न्या, खालच्या गिअरमध्ये इंजिन जरा चढं ठेवून वीस मिनिटं चालवा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. मी दिव्याकडे दोन आठवडे दुर्लक्ष केलं आणि खर्चात पडलो.

काही जण ही जाळी काढूनच टाकतात. फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीने बसवलेली जाळी गायब असेल तर गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक पासिंगमध्ये, नापास होते. सायलेन्सरच्या नळीत आतून बोट फिरवून बघा. जाळी ठीक असेल तर बोट फारसं काळं होत नाही, दाट काजळी निघाली तर संशय घ्यावा.

डिझेलचा दुसरा प्रश्न शहरांचा. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो, म्हणजे प्रशासकीय विभाग, यूलेझमध्ये आले; जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना तिथे रोजचा आकार पडतो. युरो ६ या धुराच्या मानकात न बसणाऱ्या डिझेलला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. सप्टेंबर २०१५ नंतर नोंदलेल्या बहुतेक डिझेल गाड्या या नियमात बसतात, पण ‘बहुतेक’वर विसंबू नका. गाडीचा नंबर टाकून खात्री करता येते, आणि बर्मिंगहॅम, ब्रिस्टलला जाणाऱ्यांनी तिथलंही बघावं.

पेट्रोल घेतलं म्हणून सुटलो असंही नाही. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही इंजिनं अनेक एस्टेटमध्ये आहेत. त्यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो. चुकीच्या किंवा जुन्या तेलाने तो झिजतो, त्याचे तुकडे तेलपंपाच्या गाळणीत अडकतात आणि इंजिन कोरडं पडतं. अशा गाडीत दरवर्षी योग्य तेल पडल्याची बिलं नसतील तर मी ती गाडी सोडतो, कितीही स्वस्त असली तरी.

फेऱ्या शहरातल्याच असतील तर टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स (५३० लिटर) किंवा २०१९ पासूनची कोरोला टूरिंग स्पोर्ट्स बघा. त्यांची हायब्रिड बॅटरी मागच्या सीटखाली आहे, डिकी शाबूत राहते. एक गोष्ट मात्र पाहायची: बॅटरीला थंड हवा देणारी जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते आणि ती कुत्र्याच्या केसांनी भरलेली सापडते. शिवाय या गाड्यांचे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोर कापून नेतात, तेव्हा खाली संरक्षक पत्रा बसवलाय का तेही विचारा.

डिकीत कुठे पाणी मुरतंय ते न शोधणं

एस्टेट बघताना माझा सर्वात जास्त वेळ इथे जातो. डिकीतला गालिचा उचला, फळी काढा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. ओल, गंजाची कड, सुकलेल्या पाण्याची पांढरी रेघ, कुबट वास यांतलं काहीही असेल तर पाणी आत येतंय. स्टेपनीचा पाना गंजलाय का बघा, तो खोटं बोलत नाही. आत टांगलेल्या सुगंधी पाकिटांनी वास झाकता येतो. म्हणून गाडी दाखवणाऱ्याला आधीच सांगून दारं बंद ठेवायला लावावी आणि उघडल्या क्षणी नाकाने पहिला श्वास घ्यावा.

पाणी येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: मागच्या दिव्यांचं रबर, छतावरच्या रेलिंगचे बोल्ट, मागच्या दाराचं सील, बंपरच्या आडची हवा जाण्याची झडप, आणि सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या नळ्या. एक जागा मात्र फार कमी लोकांना आठवते. मागच्या काचेवर पाणी मारणारी बारीक नळी पुढच्या टाकीपासून छताच्या आतून मागे जाते. ती सांध्यात निसटली की पाणी छताच्या अस्तरातून ओघळत डिकीच्या कोपऱ्यात साचतं. पुढच्या काचेवर पाणी येतंय, मागच्या काचेवर येत नाही, आणि टाकी मात्र भराभर रिकामी होतेय, अशी लक्षणं दिसली तर आधी ती नळी तपासा. जोड पुन्हा बसवणं थोडक्यात होतं; गळतंय कुठून हे न कळल्यानेच माणसं महिनोन्‌महिने गालिचा वाळवत बसतात.

बाकी गळती शोधायची घरगुती रीत अशी. डिकी कोरडी पुसा, आतलं प्लास्टिकचं आवरण शक्य तितकं काढा, टॉर्च घेऊन एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. खालून सुरुवात करा, प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं द्या, मग वर सरका. आधीच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही.

मागच्या दाराच्या तारा आणि मागचा तोल

मागचं दार वर उघडतं तिथे, बिजागरीजवळ, रबरी नळीतून तारांचा जुडगा जातो. दिवसातून दहा वेळा दार उघडून वर्षानुवर्षं त्या वाकतात आणि आतल्या आत तुटतात. मग मागचा वायपर मध्येच थांबतो, काचेवरचं धुकं हटत नाही, नंबरप्लेटचा दिवा लागतो-विझतो. दार थोडं वर-खाली केल्यावर लक्षण बदललं तर दोष तारांतच आहे. विकणारा म्हणेल, बल्ब गेलाय. नळी हलक्या हाताने मागे सरकवून तारा डोळ्यांनी बघा. लवचीक तार जोडून चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन हे काम करतो. सुट्टा टेप गुंडाळलेला दिसला तर काम पुन्हा करावं लागणार असं धरून भाव ठरवा. दार धरणारे गॅसचे दांडेही बघा. थंडीत दार डोक्यावर येऊ नये.

गाडी सपाट जागी उभी करून बाजूने बघा. मागून दबलेली वाटतेय? मर्सिडीज ई-क्लास एस्टेटला मागे हवेच्या स्प्रिंग असतात. त्या गळत असतील तर रात्री उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली दिसते; संध्याकाळी आणि सकाळी चाकाच्या कमानीचा फोटो काढून मागवा. जुन्या व्होल्वोंपैकी काहींत निवोमॅट नावाचे आपोआप उंची सांभाळणारे शॉक ॲब्सॉर्बर होते. त्यांच्या स्प्रिंग मऊ असतात. कोणी पैसे वाचवायला फक्त साधे शॉक बसवले तर त्या मऊ स्प्रिंगला भार पेलत नाही आणि गाडी कायमची बसते.

टो-बार (कॅरॅव्हान वगैरे ओढायचा मागचा दांडा) असेल, किंवा बंपरखाली काढल्याच्या खुणा असतील, तर काय ओढलं ते सरळ विचारा आणि चढावर क्लच घसरतो का ते चालवून बघा.

मैल बघणं, पण इतिहास न वाचणं

कमी मैल म्हणजे चांगली गाडी, हा समज सोडावा. मोटरवेवर एक लाख मैल पळालेली गाडी शाळेच्या फेऱ्यांत चाळीस हजार झिजलेल्या डिझेलपेक्षा बरी निघते. मात्र टॅक्सीत चाललेली ओळखा: मागच्या दारांचे हँडल पुढच्यांपेक्षा जास्त गुळगुळीत, मागची सीट चकाकलेली, दारांवर स्टिकर काढल्याची फिकट चौकट.

 सरकारी संकेतस्थळावर फक्त नंबर टाकून एमओटीचे जुने निकाल आणि दर वेळचे मैल फुकट दिसतात. नापास-पास बघून थांबू नका, शेरे वाचा. मागच्या स्प्रिंगला गंज, मागचे टायर आतल्या कडेला झिजलेले असे शेरे दोन-तीन वर्षं लागोपाठ येत असतील तर मालकाने खर्च टाळलाय.

कागद आणि पैसे

लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच हवा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती अपघातात विमा कंपनीने मोडीत काढलेली आहे का, याची पैसे भरून तपासणी करा. ती थोड्या पौंडांत होते. डीलरकडून घेतली तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने, सदोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते, आणि पावतीवर ‘ट्रेड सेल’ (व्यापाऱ्यांमधला सौदा) लिहून तो हक्क जात नाही. खासगी मालकाकडून घेताना असं कवच नाही. शक्य असेल तर अनामत क्रेडिट कार्डाने भरा. गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या दरम्यान असेल तर कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

आधीच्या मालकाने भरलेला रोड टॅक्स आपल्याकडे येत नाही. विमा आणि टॅक्स दोन्ही तिथेच फोनवर उरका, मग किल्ली फिरवा. आणि निघण्याआधी डिकीवरचा गुंडाळता येणारा पडदा गाडीत आहे ना ते बघा. तो बऱ्याचदा आधीच्या मालकाच्या गराजमध्ये राहून जातो, आणि नंतर तेवढाच विकत घ्यायला गेलं की बराच महाग पडतो.