बूटस्ट्रॅप 100, तरीही झाड चुकलेलं

द्राक्षावर करपा आणणाऱ्या बुरशींपैकी एक म्हणजे कोलेटोट्रायकम. निफाड आणि दिंडोरीच्या बागांतून आणलेल्या नमुन्यांचा आयटीएस भाग, म्हणजे बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा, वाचून घेतला आणि इथे नाशिकला वंशवृक्ष काढायला बसलो. निफाडचे दोन नमुने बाकीच्यांपासून तुटून एका लांबच लांब फांदीवर गेले. बूटस्ट्रॅप, म्हणजे पुन्हापुन्हा काढलेल्या झाडांपैकी शेकडा किती झाडांत ती फांदी येते तो आकडा, 100. नवी प्रजातीच सापडली असं वाटलं.

झाड काढायची पद्धत बदलून पार्सिमनीऐवजी मॅक्सिमम लाइकलिहूड लावलं, मॉडेल बदललं, फांदी तशीच. शेवटी झाड बाजूला ठेवून जुळणी, म्हणजे सगळ्या नमुन्यांचे डीएनए क्रम एकाखाली एक लावलेली मांडणी, डोळ्यांनी तपासली. त्या दोन ओळी बाकीच्यांशी कुठेच जुळत नव्हत्या, जागोजागी नुसती रिकामी घरं. हे दोन नमुने उलट्या प्रायमरने, म्हणजे दुसऱ्या टोकाकडून वाचन सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने, वाचलेले होते आणि मी ते तसेच फाइलमध्ये टाकले होते. क्रम उलटा केला, ए-टी आणि सी-जी या डीएनएच्या अक्षरांची अदलाबदल केली, पुन्हा जुळणी केली. दोघेही बाकीच्या नमुन्यांत येऊन बसले. माफ्ट या जुळणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये दिशा आपोआप सुधारण्याचा पर्याय आहे. आता तो कायम लावतो.

मग 100 कसे आले? फेल्सेनस्टाइन या शास्त्रज्ञाने 1985 मध्ये वंशवृक्षांसाठी मांडलेली बूटस्ट्रॅपची पद्धत जुळणीतलेच स्तंभ पुन्हापुन्हा उचलून दर वेळी नवं झाड काढते. जुळणीच चुकली असेल तर तीच चूक प्रत्येक झाडात उमटते.

एकट्या आयटीएसवरून कोलेटोट्रायकमच्या जवळच्या प्रजाती नीट वेगळ्या होत नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला जीएपीडीएच जनुकही वाचून घेणार आहे.