साठीनंतरचं ताट आणि गोळ्यांचा डबा: गोव्यातल्या घरात कसं जमवायचं

घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर हे वाचाच, आणि चाळिशीत असाल तरी वाचा कारण हाडं आणि मसल्स झिजायला सुरुवात हळूहळू तेव्हापासूनच होते. माझं म्हणणं एवढंच की आधी ताट बघा, मग रक्त तपासा, आणि मग जे खरंच कमी निघेल तेवढीच गोळी घ्या. लोक नेमकं उलटं करतात, जाहिरात बघून महागडा डबा मागवतात आणि रात्री पेज-लोणच्यावर झोपतात.

सगळ्यात जास्त मार खातं ते प्रोटीन. "आता आम्हाला काय लागतं, थोडं शीत (भात) नि कढी पुरे" हे प्रत्येक घरात ऐकू येतं, पण वय झालं की शरीर खाल्लेलं प्रोटीन पूर्वीसारखं वापरत नाही, म्हणून वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम तरी हवं. म्हणजे ६० किलोच्या आजीला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. आता तिचा दिवस बघा, सकाळी चहा नि पाव, दुपारी शीत-हुमण (भात नि माशाची आमटी) आणि बांगड्याचा एक तुकडा (मोठा तुकडा नातवाच्या ताटात गेलेला असतो), संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री पेज. हिशोब केला तर अर्ध्यावरच अडकतो.

बदल मोठा नाही करायचा. सकाळच्या पावाबरोबर २ अंडी, झाले १२ ग्रॅम, किंवा अळसांद्यांचं तोणाक (चवळीची उसळ). पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेताना मैद्याच्या पावापेक्षा कोंड्याची पोळी (गोव्याचा कोंड्याचा पाव) घ्या, पोटही साफ राहतं. दुपारी १०० ग्रॅम तरी मासळी पोटात जाऊ दे, त्यात साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं. संध्याकाळी बिस्किटाच्या जागी ग्लासभर दूध किंवा मूठभर चणे, आणि रात्री पेज सोडू नका, ती पचायला हलकी असते, फक्त तिच्याबरोबर मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ), कुळीथ, अंडं असं काहीतरी ठेवा. दात नसतील तर मासा काटे काढून शितात कुस्करा. मात्र क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, नुसतं खाऊन मसल होत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं नि बसायचं, जमेल तितक्या वेळा, रोज. पडण्याची भीती असेल तर खुर्ची भिंतीला लावून, शेजारी कोणीतरी उभं राहून.

मासळीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. विसवण (सुरमई) परवडत नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, तारले (पेडवे) आणि बांगडे यांच्यात ओमेगा-३ भरपूर असतं, बी-१२ पण असतं, आणि बारीक तारल्यांचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांमध्ये तर बी-१२ ची चंगळ. आठवड्यातून दोन-तीनदा हे खाणाऱ्या माणसाला फिश ऑइलच्या कॅप्सूलची सहसा गरज नसते. अडचण येते ती पावसात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, मग श्रावण, म्हणजे कित्येक हिंदू घरांत चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) ताज्या नुस्त्याची (मासळीची) बोंबच. बंदीच्या दिवसांत सगळा भार सुक्या मासळीवर आणि किसमूरवर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) पडतो आणि त्यातल्या मिठाने प्रेशर वाढतं. या सगळ्या दिवसांत कडधान्यं, दूध, ताक, चालत असतील तर अंडी, यांच्यावर जोर द्या.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिग्रॅ असतं, त्यामुळे तिझान (नाचणीची खीर) हा उत्तम नाश्ता, फक्त डायबेटिस असेल तर गूळ घालून नको, ताक घालून आंबील करा. ताटात तांबडी भाजी (लाल माठ), शेवग्याच्या पाल्याची भाजी असू दे.

आता तपासण्या. बी-१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), एवढं डॉक्टरांशी बोलून करून घ्या. पायाला मुंग्या येणं, विसरायला होणं याला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, बी-१२ कमी असलं तरी असंच होतं आणि वेळेवर कळलं तर सुधारतं. शुगरची मेटफॉर्मिन किंवा गॅसची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ नक्कीच बघा कारण या गोळ्यांमुळे ते कमी शोषलं जातं. शाकाहारी असाल तर तर बघाच.

शेजारच्या काकींचा बिस्किटाचा डबा मी एकदा टेबलावर ओतला. दोन वेगळ्या नावांच्या कॅल्शियमच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, आणि ६०,००० युनिटचे व्हिटॅमिन डीचे सॅशे, डॉक्टरांनी ८ आठवडे सांगितलेले पण त्या कधी थांबल्याच नव्हत्या. सकाळी सगळं एकदम, चहाबरोबर. यातल्या बऱ्याच गोष्टी एकमेकींना मारतात, म्हणजे पोटात नीट शोषू देत नाहीत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम, लोह तिच्यानंतर ४ तासांनी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, लोह चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, आणि एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको. व्हिटॅमिन डी दुपारच्या जेवणाबरोबर, पण किती आठवडे ते चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा, माणूस गोंधळल्यासारखं वागायला लागतं.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही" यावरही विसंबू नका. अश्वगंधामुळे काही लोकांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, थायरॉइडच्या औषधालाही ते आड येऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या, लसणाच्या किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आमटीतली हळद खुशाल खा.

वय मागे नेतात म्हणून विकल्या जाणाऱ्या एनएमएन, रेसवेराट्रॉल वगैरे गोळ्यांवर पैसे घालू नका, त्यांनी माणसाचं आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-३ ची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, सरसकट सगळ्यांना दिल्यावर कॅन्सर किंवा हार्ट अटॅक-स्ट्रोकचं एकूण प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या तेव्हा तर फुफ्फुसाचा कॅन्सर वाढला. तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

घ्यायचंच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्था) १४ आकडी नंबर आणि एक्स्पायरी बघा. दुबई-लंडनहून मुलांनी पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्याही गोळ्यांच्या हिशोबात धरा, त्यात डी आणि कधीकधी लोहही आधीच असतं आणि वरून वेगळी गोळी चालू असते. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा फॅमिली डॉक्टरांकडे जाताना सगळे डबे, बाटल्या, चूर्णं एका पिशवीत भरून न्या आणि "यातलं काय बंद करू" हे आधी विचारा. नवीन काही चालू झालं तर परत तपासणी कधी करायची ती तारीख त्याच चिठ्ठीवर घालून घ्या.