सरासरी काढा, पण मोठी बेरीज टाळून

सगळ्या संख्यांची बेरीज करायची आणि त्या जितक्या आहेत तितक्याने भागायचं, ही रीत सगळ्यांना येते. चूक होते ती बहुधा लांबलचक बेरजेत. म्हणून आधी मधली वाटेल अशी एक सोयीची संख्या गृहीत धरा आणि फक्त फरकांची बेरीज करा.

समजा संख्या आहेत ७२, ६८, ७५, ७०, ६६, ७३. गृहीत धरा ७०. फरक येतात +२, −२, +५, ०, −४, +३. त्यांची बेरीज +४. ४ ला ६ ने भागलं की ०.६७, म्हणजे सरासरी ७०.६७. गृहीत संख्या कोणतीही घेतली तरी उत्तर तेच येतं. जवळची घेतली की आकडे लहान राहतात, एवढंच. उणे चिन्ह मात्र सांभाळा, घोळ तिथेच होतो.

शून्य हीसुद्धा एक संख्या आहे. बेरजेत तिने काही फरक पडत नाही म्हणून मोजताना ती गाळली, की सरासरी फुगते. एक्सेलमध्ये याच्या उलट गंमत: रिकामा चौकोन ॲव्हरेज सूत्र मोजतच नाही, ० लिहिलेला मोजतं.

आणि सरासरींची थेट सरासरी काढू नका. १० जणांची सरासरी ५० आणि ३० जणांची ७० असेल, तर एकत्रित सरासरी ६० नव्हे: ५०० + २१०० = २६००, भागिले ४०, म्हणजे ६५. दशांश शेवटच्या पायरीलाच छाटा.