एका गच्चीवर सगळ्यांचे सण बसवताना

नेरुळ, सीवूड्स, खारघरच्या सोसायट्यांत एकाच जिन्यात मराठी, मल्याळी, बिहारी, जैन, मुसलमान अशी बिऱ्हाडं नांदतात. त्यांच्यात वाजतं ते बहुतेकदा गच्ची कोणाला, वर्गणी किती आणि पानात काय, यावरून. तिन्ही गोष्टी आधी ठरवून ठेवता येतात.

गच्ची आणि हॉलचं वर्षाचं वेळापत्रक जानेवारीतच करा. कॅलेंडर बघून स्वतःच तारखा भरू नका, घरोघरी विचारा. गेल्या वर्षीचा कागद पुन्हा चालत नाही. हिजरी वर्षाला अधिक मास नसल्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून तिच्यासाठी लागोपाठ दोन दिवस राखा. ओणम सौर महिन्यावर आणि गणपती तिथीवर असल्याने काही वर्षी दोन्ही एकत्र येतात. २०२५ मध्ये तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, ५ सप्टेंबरला होता आणि अनंत चतुर्दशी ६ तारखेला. अशा वर्षी पूक्कळमला, म्हणजे ओणमच्या फुलांच्या रांगोळीला, मिरवणुकीच्या वाटेबाहेरची जागा द्या आणि झाडूवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नाहीतर पहाटे मांडलेली फुलं आठ वाजता कचऱ्यात जातात, आणि ते मनाला फार लागतं.

बिहारी घरांच्या छठपूजेला गच्ची लागत नाही, पाणी लागतं. व्रत करणाऱ्या बाईंचा सुमारे ३६ तासांचा निर्जळी उपास असतो आणि शेवटचं अर्घ्य उगवत्या सूर्याला. त्या पहाटे पंप नेहमीपेक्षा लवकर चालू करायला आणि फाटक उघडं ठेवायला वॉचमनला सांगा.

वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात कधीही जोडू नका. पावतीपुस्तक वेगळं, रक्कम ऐच्छिक, हिशेब नोटीस बोर्डावर. कोणी किती दिले याची यादी मात्र लावू नये. ज्याने दिले नाहीत त्यालाही जेवणाचं आमंत्रण जायलाच हवं.

जेवणाकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. ‘व्हेज’ एवढं ठरवून भागत नाही. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा वर्ज्य असतो आणि अनेकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी कढई लावली तरी पळी एकच फिरते आणि सगळं फुकट जातं. म्हणून अख्खा स्वयंपाकच कांदा-लसूण आणि कंदमुळांशिवाय करा: साधं वरण, भात, दुधी किंवा कोबी-मटाराची भाजी, पुरी, शिरा. १०० माणसांना साधारण ८ किलो तांदूळ, ३ किलो तूरडाळ आणि ८ किलो भाजी पुरते. सप्टेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, तेव्हा पहिली पंगत साडेपाचला बसवा. गणेश चतुर्थीच्या सुमारास श्वेतांबर जैनांची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, येते आणि त्या दिवशी बहुतेकांचा उपास असतो. सोसायटीचा महाप्रसाद नंतरच्या एखाद्या दिवशी ठेवा. केकमध्ये अंडं आणि जेलीत प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन नाही ना, हे ऑर्डर देतानाच विचारा.

इफ्तारची वेळ मिनिटावर असते. खजूर आणि पाणी सूर्यास्ताच्या १० मिनिटं आधी प्रत्येकासमोर हवं. भाषणं, सत्कार तेव्हा नकोत. रोजा सुटला की मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज होते. तिच्यासाठी एक स्वच्छ कोपरा मोकळा ठेवा, जेवण त्यानंतर वाढा.

आवाजाचा नियम सगळ्यांना एकच लावा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार सवलतीचे दिवस जाहीर करतं तेवढे सोडून. गरब्याला साडेअकरापर्यंत डोळेझाक केली, तर ख्रिसमसच्या कॅरोलला दहाला थांबवण्याचं तोंड कमिटीला राहत नाही.

मासळीच्या वासावरून कुरकुर होते, तिचं मूळ बहुधा कचऱ्यात असतं. मासे धुतलेलं पाणी डक्टमध्ये टाकू नये. खवले आणि डोकी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि सकाळी गाडी आली की ओल्या कचऱ्यात द्यावीत. घरात काय शिजतं, हा मात्र कमिटीचा विषय नाही. नवा भाडेकरू आला की करार नोंदवलाय का, पोलिसांना कळवलंय का आणि राहणार किती जण, एवढंच विचारा.